बियांवर वाढलेल्या पोपटाला ताज्या अन्नाची सवय कशी लावावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षांचा आफ्रिकन ग्रे पोपट लहानपणापासून सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे यांवरच वाढला आहे. गेल्या काही महिन्यांपासून तो अधूनमधून शिंकतो आणि त्याच्या पिसांची चमकही कमी झाली आहे. गाजर, पालेभाजी किंवा फळ वाटीत ठेवले की तो ते उचलून पिंजऱ्याबाहेर टाकतो. त्याला ताज्या अन्नाची सवय कशी लावावी, रोज काय आणि किती द्यावे, बाजारात मिळणाऱ्या आहारगोळ्या (धान्ये, जीवनसत्त्वे व खनिजे एकत्र करून बनवलेले तयार खाद्य) द्याव्यात की नाही आणि बिया एकदम बंद कराव्यात का, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

भाज्यांची यादी मी पुढे देतोच, पण त्याआधी एक ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घरात आणावा. त्यावर बसायला एक छोटी दांडी ठेवावी आणि रोज सकाळी, पहिली विष्ठा टाकून झाल्यावर व काही खाण्यापूर्वी, पोपटाचे वजन करून वहीत लिहावे. प्रौढ ग्रेचे वजन साधारणपणे ४०० ते ५०० ग्रॅमच्या आसपास असते. परंतु आपल्या पक्ष्याचे योग्य वजन किती, हे पुस्तकातल्या आकड्यावरून नव्हे, तर त्याच्या छातीचे हाड चाचपून ठरते. हाडाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू भरलेले असावेत आणि हाडाची कड बोटाला जेमतेम लागावी. ती सुरीसारखी टोचत असेल तर पक्षी हडकला आहे, आणि मुळीच लागत नसेल तर तो लठ्ठ झाला आहे. आहार बदलायला हात घालण्यापूर्वी किमान दहा दिवसांच्या वजनाची नोंद हाताशी असावी, असा माझा आग्रह असतो.

या आग्रहाचे कारण असे की, वाटी नेहमी खरे सांगत नाही. पोपट बी सोलून आतला गर खातो आणि टरफल तिथेच टाकतो. संध्याकाळी वाटी भरलेली दिसते म्हणून मालक त्यात भर घालत नाही, आणि प्रत्यक्षात ती वाटी टरफलांची असते. अशा भरल्या वाटीसमोर उपाशी राहिलेले पक्षी मी तपासले आहेत. याच्या उलट प्रकारही तितकाच सर्रास आढळतो. 'आम्ही त्याला बारा प्रकारचे दाणे, सुकी फळे, सगळे देतो' असे मालक सांगतात आणि वाटीत ते सगळे खरोखर असतेही. पण पोपट त्यातून सूर्यफूल तेवढे निवडतो आणि बाकीचे अकरा प्रकार रोज संध्याकाळी कचऱ्यात जातात. म्हणून आहाराचा विचार करताना वाटीत काय ठेवले, यापेक्षा पोटात काय गेले, तेच धरून चालावे. खाली जे लिहिले आहे, ते सगळे या एका हिशेबावर बेतलेले आहे.

आता बियांविषयी. सूर्यफुलाच्या गरात वजनाच्या जवळजवळ निम्मी चरबी असते. त्यात कॅल्शियम फार थोडे आणि फॉस्फरस त्याच्या सुमारे आठपट असतो. हवे ते याच्या उलट, म्हणजे कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दीड ते दोनपट. फॉस्फरस असा वरचढ झाला की अन्नातले थोडेफार कॅल्शियमही शरीराला नीट मिळत नाही. 'अ' जीवनसत्त्व तर अशा बियांत जवळपास नसतेच. बी विषारी नसते. रानातले पोपटही बिया खातातच. मात्र रानातला पोपट बियांबरोबर फळे, पाने, कळ्या, फुले आणि झाडांच्या साली खातो, आणि हे सगळे मिळवण्यासाठी दिवसभर पंख मारतो. पिंजऱ्यातला पोपट तेच बी दोन पावलांवर असलेल्या वाटीतून खातो.

आपल्या पोपटाच्या शिंकांकडे मी 'अ' जीवनसत्त्वाच्या अंगाने पाहीन. हे जीवनसत्त्व कमी पडले की तोंड, नाक आणि श्वसनमार्गाच्या आतले मऊ, ओलसर अस्तर जाड व कोरडे होत जाते. पोपटाची चोच उघडून टाळूकडे पाहिले, तर मध्यभागी एक चीर दिसते आणि तिच्या कडेने टोकदार, पांढुरक्या काट्यांची रांग असते. निरोगी पक्ष्यात हे काटे रेखीव दिसतात; वर्षानुवर्षे बियांवर राहिलेल्या पक्ष्यात ते आखूड व बोथट झालेले असतात, आणि कधीकधी पूर्ण झिजून टाळू गुळगुळीत होते. अस्तर असे बिघडले की जंतूंना वाट मोकळी होते. मग शिंका, नाकपुडीत साचणारा खडा, जिभेखाली किंवा टाळूवर पांढरट गाठी, असा क्रम लागतो. तथापि शिंकेची इतरही कारणे असतात आणि त्यातली काही संसर्गजन्य असतात. त्यामुळे नुसत्या वर्णनावरून निदान करणे योग्य नव्हे. आहार बदलण्यापूर्वी पक्ष्यांचे आजार जाणणाऱ्या पशुवैद्याकडून एकदा तपासणी करून घ्यावी आणि शक्य असल्यास रक्तातील कॅल्शियम व यकृताची स्थिती पाहावी. आजारी पक्ष्याचा आहार त्याच आठवड्यात बदलू नये.

कॅल्शियमचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण ग्रे पोपटाची ती दुखरी नस आहे. इतर पोपटांच्या तुलनेत ग्रेमध्ये रक्तातील कॅल्शियम घसरण्याचे प्रमाण जास्त दिसते. सुरुवातीला पक्षी थोडा अडखळतो, दांडीवरून घसरतो. पुढे थरथर सुटते आणि शेवटी झटके येतात. आहारात कॅल्शियम असून भागत नाही, ते आतड्यातून रक्तात जाण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व लागते, आणि ते तयार होण्यासाठी अंगावर थेट ऊन पडावे लागते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन यासाठी निरुपयोगी असते, कारण आवश्यक ते अतिनील किरण काच अडवते. सकाळच्या कोवळ्या उन्हात, निम्म्या भागावर सावली असलेल्या सुरक्षित पिंजऱ्यात, आठवड्यातून काही वेळा अर्धा-पाऊण तास बसवणे हे महागड्या पूरक औषधांपेक्षा मला जास्त भरवशाचे वाटते. जिथे ऊनच मिळत नाही, तिथे पक्ष्यांसाठीचा अतिनील दिवा वापरतात. 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब मात्र स्वतःच्या मनाने देऊ नयेत. ते जास्त झाले तर मूत्रपिंडात कॅल्शियम साठते.

ताज्या अन्नात पहिला मान भाज्यांचा, आणि भाज्यांतही नारिंगी व गडद हिरव्या रंगाच्या भाज्यांचा. गाजर, लाल भोपळा, रताळे, लाल ढोबळी मिरची, ब्रोकोली, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), मोहरीचा पाला, कोथिंबीर, बीटचा पाला यांतून पक्ष्याला कॅरोटीन मिळते, आणि शरीर त्यापासून गरजेपुरतेच 'अ' जीवनसत्त्व बनवते. औषधातून दिलेले 'अ' जीवनसत्त्व जास्त होऊन बाधू शकते. गाजरातून ती भीती नसते. लाल भोपळा आणि रताळे वाफवून दिल्यास पक्षी लवकर स्वीकारतात, शिवाय त्यातले कॅरोटीनही अधिक चांगले शोषले जाते. काकडी आणि फिकट रंगाचे सॅलडचे पान यांत जवळजवळ पाणीच असते. ते दिल्याने नुकसान नाही, पण त्यांना 'भाजी दिली' असे समजू नये. पालक, चार्ड (बीटच्या जातीची पालेभाजी) आणि बीटच्या पाल्यात ऑक्झलेट भरपूर असते, ते कॅल्शियमला बांधून ठेवते. म्हणून ग्रेला हे पाले आठवड्यातून एखाद्या वेळी, आणि केल, ब्रोकोली किंवा मोहरीचा पाला नेहमी, अशी विभागणी मी सुचवतो.

मिरचीबद्दल थोडे विषयांतर करतो. तिखटपणा जाणवून देणारे रसायन पक्ष्यांच्या मज्जातंतूंवर परिणाम करत नाही, त्यामुळे पोपट हिरवी किंवा लाल मिरची सहज खातो आणि बघणाऱ्यालाच घाम फुटतो. पक्ष्याने फळ गिळावे, बी न चावता दूरवर टाकावे, आणि बी चावून नासवणाऱ्या सस्तन प्राण्याने तोंड भाजून परत फिरावे, असा झाडाचा त्यामागचा फायदा सांगितला जातो. पोपट मात्र ते बीच फोडून खातो, म्हणजे झाडाचा हा बेत पोपटापुढे फसतो. आपल्या कामाची गोष्ट अशी की, बियांवर जीव असलेल्या पक्ष्याला ढोबळी मिरचीचा बियांनी भरलेला गाभा दिला, तर तो त्यात चोच घालण्याची शक्यता पुष्कळ असते. बी शोधता शोधता मिरचीचा गर तोंडात जातो. कणसाची चकती आणि डाळिंबाची फोड यांचाही असाच उपयोग होतो. हे पदार्थ पोषणाने फार श्रेष्ठ आहेत म्हणून नव्हे, तर बी आणि भाजी यांच्यामधला पूल म्हणून मी त्यांना महत्त्व देतो.

फळांविषयी बहुतेक मालकांचा गैरसमज असतो. ताजे अन्न म्हणजे फळे, असे धरून ते सफरचंद, द्राक्षे आणि केळे भरभरून देतात. बागेत पिकवलेली फळे माणसाच्या जिभेसाठी गोड केलेली आहेत; रानातली फळे त्या मानाने कमी गोड आणि जास्त चोथ्याची असतात. पोपटाला गोड आवडतेच, त्यामुळे एकदा द्राक्ष मिळू लागले की गाजराकडे तो पाहत नाही. ग्रेला दिवसाला अंगठ्याच्या पेराएवढे एक-दोन तुकडे पुरेत. पपई आणि आंबा यांत कॅरोटीन असल्याने त्यांना मी सफरचंदापेक्षा वरचे स्थान देतो. सफरचंदाच्या बिया आणि पीच, चेरी, जर्दाळू यांच्या आठळ्या काढूनच फळ द्यावे, कारण त्यांतून सायनाइड सुटते.

मोड आलेली धान्ये आणि कडधान्ये ही माझी सर्वांत आवडती शिफारस आहे. दाणा फुटून कोंब आला की त्यातला साठा वापरला जाऊ लागतो, जीवनसत्त्वे वाढतात, आणि तरीही पोपटाच्या नजरेला तो ओळखीचा 'दाणा'च दिसतो. मूग, मसूर, हरभरा, गहू यांपैकी दोन-तीन घेऊन आठ तास भिजवावेत, पाणी काढून टाकावे आणि दिवसातून तीन-चार वेळा स्वच्छ पाण्याने धुवावेत. पांढरे टोक दिसू लागले की लगेच द्यावेत. लांब कोंबांची वाट पाहू नये. मोडाच्या उबेत आणि ओलाव्यात जंतूही तितक्याच वेगाने वाढतात, म्हणून नाकाचा वापर करावा: ताज्या मोडांना मातीसारखा, गोडसर वास येतो, आंबूस वास आला किंवा बोटांना बुळबुळीत लागले तर सगळे फेकून द्यावे. राजम्यासारखे मोठे दाणे मोड आणून कच्चे कधीही देऊ नयेत. त्यातले विषारी द्रव्य भिजवल्यानंतर किमान दहा मिनिटे खळखळ उकळल्यावरच नाहीसे होते, आणि मंद आचेवर कोमट शिजवल्याने ते उलट वाढू शकते.

आहारगोळ्यांबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींच्या मते गोळ्या हाच एकमेव शास्त्रीय आहार, तर काहींच्या मते ते कारखान्यातले निर्जीव अन्न. मला दोन्ही पटत नाहीत. नुसत्या घरच्या ताज्या अन्नावर कॅल्शियम, आयोडीन, 'ड' जीवनसत्त्व आणि आवश्यक अमिनो आम्ले यांचा मेळ बसवणे शक्य असते, पण ते वर्षभर, एकही आठवडा न चुकता करणारी घरे मी फार थोडी पाहिली आहेत. गोळी ही त्या हलगर्जीपणावरची विमा-पॉलिसी आहे. शिवाय प्रत्येक गोळीत सारखेच घटक असल्याने पक्ष्याला निवड करता येत नाही. परंतु रोज एकच कोरडी गोळी खाणाऱ्या हुशार पक्ष्याचे मन त्यात रमत नाही, आणि ताज्या भाज्यांमधला ओलावा, चोथा व विविधता गोळीत नसते. म्हणून दिवसभराच्या खाण्यापैकी सुमारे निम्म्या गोळ्या, राहिलेल्या भागात मुख्यतः भाज्या, मोड आणि थोडे शिजवलेले धान्य, आणि शेवटी थोडेसे फळ व मोजक्या बिया, असे प्रमाण मी ग्रेसाठी ठेवतो. ४५० ग्रॅम वजनाच्या पक्ष्याला यातून अंदाजे दोन मोठे चमचे गोळ्या आणि बारीक चिरलेल्या भाजीची एक लहान वाटी लागते. त्यातली बरीचशी खाली सांडणार, हे गृहीत धरलेले आहे. रंगीबेरंगी आणि साखर घातलेल्या गोळ्या टाळाव्यात. रंगांमुळे विष्ठेचा रंग बदलतो आणि आजाराची खूण झाकली जाते.

आता मुख्य अडचणीकडे येतो. आपला पोपट गाजर फेकतो, यावरून त्याला गाजर आवडत नाही असा अर्थ काढू नये. आवडनिवड ठरण्यासाठी ते आधी अन्न वाटले पाहिजे, आणि सात वर्षे ज्याने दोनच वस्तू खाल्ल्या, त्याच्या लेखी गाजर म्हणजे कुणीतरी वाटीत टाकलेले नारिंगी लाकूड असते. रानात पिल्लू आईबाप आणि थवा काय खातो ते पाहून शिकते; अनोळखी वस्तू न खाणे हाच तिथे जगण्याचा मार्ग असतो. आपण त्याच्या या सावधपणाशी झगडू नये, त्याला वेळ द्यावा.

एका ग्रेचे उदाहरण सांगतो. त्याच्या मालकिणीने रोज सकाळी बोटाएवढी गाजराची कांडी पिंजऱ्याच्या गजांत अडकवायला सुरुवात केली. पहिले पाच दिवस पक्षी दांडीच्या दुसऱ्या टोकाला अंग चोरून बसला. सहाव्या दिवसापासून तो कांडी उपटून खाली टाकू लागला, आणि बाई निराश झाल्या; मी त्यांना सांगितले की आता काम सुरू झाले आहे. सतराव्या दिवशी त्याने कांडी डाव्या पायात धरली, उभी फिरवली, चोचीच्या टोकाने एक ढलपा काढला, जाड काळसर जिभेने तो ढलपा टाळूवर घोळवला आणि टाकून दिला. बहुतेक पोपट असा डावा पायच वापरतात. पुढचे आठ-दहा दिवस तळाला नुसता नारिंगी भुसा साचत होता, पण विष्ठेत मात्र नारिंगी छटा दिसू लागली, म्हणजे थोडे पोटात जात होते. महिना उलटल्यावर तो सकाळी गाजराची वाट पाहू लागला. या सगळ्या काळात त्याचे वजन ४३८ आणि ४५१ ग्रॅम यांच्या दरम्यान राहिले. ही नोंद नसती, तर बाईंनी घाबरून दुसऱ्या आठवड्यातच पुन्हा सूर्यफुलाची वाटी भरली असती, असे त्यांनीच नंतर कबूल केले.

पद्धत म्हणून सांगायचे तर, प्रथम दिवसभर वाटीत बिया ठेवणे बंद करावे आणि जेवणाच्या वेळा ठरवाव्यात. सकाळी पोट रिकामे असते, तेव्हा दीड-दोन तास फक्त ताजे मिश्रण समोर ठेवावे. त्यानंतर ते काढून बियांचे मोजलेले माप द्यावे, आणि संध्याकाळीही तसेच. पहिल्या दोन आठवड्यांत बियांचे एकूण माप कमी करू नये, केवळ वेळ बदलावी. नंतर दर आठवड्याला माप थोडे थोडे उतरवत जावे आणि गोळ्या वाढवाव्यात. मिश्रण तांदळाच्या दाण्याएवढे बारीक चिरावे, त्यात सोललेल्या सूर्यफुलाचे दहा-बारा गर मिसळावेत आणि हाताने कालवावे. गर वेचताना ओल्या भाजीचे कण त्याला चिकटून तोंडात जातात. कोरड्या गोळ्यांची पूड याच मिश्रणावर भुरभुरली तर त्यांचीही ओळख होते. त्याच वेळी पिंजऱ्यात दुसऱ्या रूपात तीच भाजी टांगावी: एक दिवस किस, एक दिवस कांडी, एक दिवस वाफवलेली कोमट फोड. धुतलेल्या पाल्याची ओली जुडी वरून लटकवली की पुष्कळ पोपट आधी त्यात अंघोळ करतात आणि नंतर पाने कुरतडतात. आपण स्वतः समोर बसून तीच भाजी चवीने खाल्ली तर त्याचा परिणाम सर्वांत लवकर दिसतो. मात्र आपल्या तोंडातला घास त्याच्या चोचीत देऊ नये. माणसाच्या लाळेतले जंतू पक्ष्याला बाधतात.

'भूक लागली की खाईल आपोआप' हा सल्ला पोपटाच्या बाबतीत जीवघेणा आहे. काही पक्षी अनोळखी अन्नासमोर खरोखर उपाशी राहतात, आणि बियांवर वाढलेल्या लठ्ठ पक्ष्याचे यकृत आधीच चरबीने भरलेले असल्याने त्याला उपवास सोसत नाही. सुरुवातीच्या सरासरी वजनात पाच टक्के घट झाली, म्हणजे ४५० ग्रॅमच्या पक्ष्याचे २२ ग्रॅम कमी झाले, तर माप उतरवणे थांबवून एक आठवडा आहे तिथेच राहावे. घट दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४५ ग्रॅमवर गेली, तर जुना आहार पूर्ववत करून पशुवैद्याला दाखवावे. विष्ठाही रोज पाहावी. त्यासाठी तळाला साधा पांढरा कागद घालणे सोयीचे. विष्ठेत तीन भाग असतात: घट्ट रंगीत भाग, पांढरा भाग आणि पाण्यासारखे मूत्र. भाज्या सुरू झाल्या की पाण्याचा भाग वाढतो, आणि तो जुलाब नव्हे. जुलाबात घट्ट भागच आकार सोडतो. बीट खाल्ल्यावर लाल डाग दिसले तर दचकू नये. परंतु विष्ठेची संख्या घटली आणि ती इवलीशी, गर्द हिरवी दिसू लागली, तर पक्षी खात नाही असे समजावे, मग वाटी कितीही विस्कटलेली असो.

काही गोष्टी कोणत्याही प्रमाणात देऊ नयेत. ॲव्होकॅडोतील पर्सिन हे द्रव्य पक्ष्याच्या हृदयाच्या स्नायूंना इजा करते आणि थोड्या तुकड्यानेही मृत्यू ओढवू शकतो. चॉकलेट, चहा, कॉफी, मद्य, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य) घातलेले पदार्थ, कांदा, लसूण आणि खारवलेले काहीही वर्ज्य समजावे. दूध पक्ष्याला पचत नाही. शेंगदाण्यांचा धोका वेगळा आहे: त्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून अधिक पिल्ले दगावली आणि तपासात शेंगदाण्याची पेंड निघाली. या विषाचा शोध त्यातूनच लागला. टरफलासकट शेंगा म्हणूनच देऊ नयेत. द्यायचे तर माणसाच्या खाण्याच्या प्रतीचे, भाजलेले, बिनमिठाचे दाणे द्यावेत. त्याच्यासाठी काही शिजवताना नॉनस्टिक भांडे रिकामे तापत ठेवू नये. अति तापलेल्या थरातून निघणारा, आपल्याला जाणवतही नसलेला धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारतो.

चिरलेले ताजे अन्न दोन तासांत, आणि उकाड्यात त्याहून लवकर, उचलावे. पाण्यात जीवनसत्त्वांचे थेंब टाकण्याची पद्धत मला पसंत नाही: पाण्याला चव येते, पक्षी कमी पितो, आणि जंतू मात्र जोमाने वाढतात. अख्खे दाणे दळण्यासाठी काही पक्षी गिळतात ते वाळूचे खडेही पोपटाला लागत नाहीत, कारण तो दाणा सोलून खातो.

वरील प्रमाण ग्रेसाठी आहे. बजरीगर आणि कॉकटील हे मुळात कोरड्या प्रदेशातले, गवताचे बारीक बी खाणारे पक्षी असल्याने त्यांना बियांचा थोडा मोठा वाटा चालतो. मात्र नुसत्या बियांवरच्या बजरीगरला आयोडीनअभावी गलगंड होतो. ॲमेझॉन पोपट चटकन लठ्ठ होतो, त्याच्या बिया मी जवळजवळ शून्यावर आणतो. मोठ्या मकाऊला कवचाच्या फळांची चरबी अधिक लागते. लोरी पक्ष्याच्या जिभेच्या टोकाला कुंचल्यासारखे केस असतात आणि तो मकरंद व परागावर जगतो. त्याला हा आहार लागूच पडत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, बिया पूर्ण बंद कराव्यात का. माझे उत्तर नाही असे आहे. आफ्रिकेच्या जंगलात ग्रे तेल-ताडाची फळे आवडीने खातो, म्हणजे चरबी त्याला परकी नाही. फक्त त्या फळात कॅरोटीनही भरपूर असते आणि त्यासाठी तो मैलोगणती उडालेला असतो. बदल पूर्ण झाल्यावर रोज सकाळी सूर्यफुलाचे पंधरा दाणे आणि शेंगदाण्याच्या चार पाकळ्या मोजून एका छोट्या डबीत काढाव्यात. यातला एकही दाणा वाटीत पडू नये. हातावर ये म्हटले आणि आला, वजनकाट्यावर शांत बसला, नखे तपासू दिली, की एक दाणा द्यावा; उरलेले कागदाच्या पुड्यांत गुंडाळून किंवा लाकडाच्या भोकांत ठोसून पिंजऱ्यात निरनिराळ्या जागी लपवावेत. सात वर्षे समोर पडलेला तोच शेंगदाणा शोधून काढायला त्याला आता अर्धा तास लागेल, आणि त्या अर्ध्या तासात तो कंटाळून स्वतःची पिसे उपटणार नाही. सध्या मात्र यातले काहीच सुरू करू नये. आधी पशुवैद्याची तपासणी आणि दहा दिवसांचे वजन, आणि अकराव्या दिवशी सकाळी ढोबळी मिरचीचा तो बियांचा गाभा.